वुडन फिनिश

मराठी माणूस भेंडी घेताना तिचं शेपूट मोडून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो, कलिंगडावर टिचक्या मारतो आणि हापूसच्या देठाशी तर असं नाक लावतो की आंब्यालाच ओशाळं व्हावं. कोथिंबिरीची जुडी सोडून आत पिवळी पानं आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्याचा हात खिशाकडे जात नाही. हाच माणूस साठ हजारांचा पलंग घ्यायला दुकानात शिरतो तेव्हा काय करतो? गादीवर एकदा बसतो. तळव्याने ती दाबून बघतो. म्हणजे पलंगाबरोबर जी मिळणारच नाही, त्या गादीची परीक्षा घेतो! मग बायकोकडे वळून म्हणतो, "रंग छान आहे, नाही?" झालं. पलंग पास!

माझं भांडण आहे ते या 'रंग छान आहे'शी. दुकानदार बिचारा आपण मागू ते देतो. आपण रंग मागतो, तो रंग देतो. त्याला तो 'वुडन फिनिश' म्हणतो. आता हा शब्द जरा चघळून बघा. दूधवाल्याने पातेल्यात काहीतरी पांढरं ओतून 'मिल्क फिनिश आहे वहिनी' असं म्हटलं, तर त्याला पुन्हा दारात उभं करू का? पण फर्निचरवाला 'सागवान फिनिश' म्हणाला की आपण 'वा वा' म्हणतो आणि हप्ते किती, ते विचारतो.

या फिनिशच्या खाली काय असतं? लाकडाच्या कपच्या आणि भुसा गोंदात कालवून दाबलेली फळी. तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. वरून सागवानाचं चित्र छापलेला कागद चिकटवलेला. होय, चित्र! खात्री करायची असेल तर कपाटाच्या दोन्ही दारांकडे नीट बघा. डाव्या दारावर जिथे गाठ आहे, बरोबर तशीच गाठ त्याच उंचीवर उजव्या दारावरही सापडेल. देवाने केलेल्या झाडात असली कॉपी होत नाही. विक्रेत्याला हे दाखवलं तर तो जराही न डगमगता सांगतो, "सर, हे इंजिनिअर्ड वुड आहे." मराठी घरात घरटी एक इंजिनिअर असतोच, त्यात आता कपाटाचीही भर!

गैरसमज नको. मी भुशाचा शत्रू नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या पोरांनी शिसवी पलंग घेऊन फिरावं असं कोण म्हणेल? १९५६ साली स्वीडनमधल्या आयकिया कंपनीच्या एका माणसाने टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून घरी नेऊन जोडायच्या फर्निचरचा व्यापार उभा राहिला. चांगलीच युक्ती होती ती. तीच गोष्ट लोखंडी कपाटाची. गोदरेजचं कपाट १९२३ सालापासून आपल्याकडे आहे. साड्या, दागिने आणि फिक्स्ड डिपॉझिटच्या पावत्या सांभाळत ते पिढ्यान् पिढ्या उभं राहिलं, पण 'मी सागवान आहे' असं ते कधी म्हणालं नाही. प्लास्टिकची खुर्चीसुद्धा आपण प्लास्टिक असल्याचं लपवत नाही. राग येतो तो भुशाने लाकडाचा मुखवटा घालून लाकडाचे पैसे मागितल्यावर.

आमच्या साडूंनी असाच एक मुखवटा विकत घेतला होता. दुकानाचं नाव घेत नाही, कारण साडू अजून तिथे जातात. खाली सामान ठेवायची सोय असलेला भलाथोरला बॉक्स-बेड. डोंबिवलीत तो चार वर्षं झकास होता. मग साडू ठाण्याला राहायला गेले. हलवाहलवीच्या माणसांनी पलंग सोडवला, ठाण्याला नेला, जोडायला घेतला, तर स्क्रू धरेनात! भुशाच्या फळीत स्क्रू पहिल्यांदा बसतो तो बसतो. एकदा काढला की भोकाच्या कडा भुगा होऊन बाहेर येतात. मग काड्यापेटीतल्या काड्या कोंबा, चिंध्या कोंबा, काही उपयोग नाही. त्यात पहिल्याच पावसात खिडकीकडची बाजू पाणी पिऊन जिलबीसारखी फुगली. पलंगाला पाच वर्षंही झाली नव्हती. भंगारवाल्याने तो फुकटसुद्धा नेला नाही. खाली उतरवायचे पैसे मागितले!

तेव्हा दुकानात गेलात की रंग बघू नका. पहिल्यांदा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा. विक्रेता कसानुसा होईल, होऊ द्या. ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्या कशा भेटल्यात ते बघा. कबुतराच्या शेपटीसारखे दात कापून एकमेकांत अडकवल्या असतील तर करणाऱ्याला सलाम करा. नुसते खिळे आणि गोंद असेल तर आतलं सामान वाढलं की समोरची फळी हातात येणार. मग कपाट भिंतीपासून पुढे ओढा आणि त्याची पाठ बघा. समोरून सगळीच कपाटं देखणी असतात. पाठीला पुठ्ठ्यासारखी पातळ फळी ठोकली असेल तर बाकीच्याचा अंदाज येतो. टेबलाखाली वाकून बघा. पायाचं टोक आडव्या पट्टीच्या भोकात गेलंय, की कोपऱ्यात लोखंडी पत्रा मारून काम भागवलंय? त्या भोकात जाणाऱ्या टोकाला जुने सुतार कुसू म्हणत. नीट बसलेलं कुसू टेबलाला आयुष्यभर डुगडुगू देत नाही. शेवटी वास घ्या. आंब्याचा घेता ना, तसाच. आतून, जिथे पॉलिश लागलेलं नाही तिथून. सागाला तेलकट, चामड्यासारखा वास असतो. फिनिशला येतो तो गोंदाचा.

एका बाबतीत मात्र लोक भलत्याच गोष्टीला नावं ठेवतात. जुन्या कपाटाच्या दारातली मधली फळी दाबली तर जराशी हलते. "ढिलं काम!" म्हणून मोकळे होतात. अहो, ती मुद्दाम मोकळी ठेवलेली असते! लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत ते पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आक्रसतं. म्हणून शहाणा सुतार चौकटीला खाच पाडतो आणि फळी तिच्यात न चिकटवता सोडतो. जूनमध्ये तिने अंग पसरावं, मार्चमध्ये चोरावं. ती गोंदाने पक्की केली तर दोन पावसाळ्यांत तडकलीच म्हणून समजा.

लाकडाच्या नावांचा घोळ तर विचारूच नका. आपल्या आजोबांच्या पलंगाचा शिसव वेगळा आणि उत्तरेकडून येणारं शीशम वेगळं. झाडं चुलत भावंडं, पण माणसं वेगळी. दुकानात मात्र शीशमच शिसव म्हणून खपतं. 'प्युअर बर्मा टीक'चीही तीच कथा. म्यानमारने २०१४ सालीच सागाच्या ओंडक्यांची निर्यात बंद केली, पण आपल्या दुकानांतल्या बर्माचा ओघ काही आटलेला दिसत नाही. घाना, इक्वेडोर इथलं लागवडीचं सागवानही आपल्याकडे येतं. ते वाईट असतं असं नाही, पण झाड कोवळ्या वयात तोडलं तर त्यात गाभा कमी आणि कडेचं फिकट लाकूड जास्त. वाळवी आधी तिथेच पंगत मांडते. पॉलिशचा हात फिरला की गाभा आणि कड दोन्ही एकाच रंगाचे. पुन्हा रंग! आणि गंमत बघा, २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान गेलं ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून. त्याच वर्षी उघडलेल्या नव्या संसद भवनालाही नागपूरकडचं सागवान लागलं. साऱ्या देशाला महाराष्ट्राचा साग हवा, आणि आपण मराठी माणसं सागाचं चित्र छापलेला कागद घेऊन घरी येतो.

मग करायचं काय? मिस्त्रींना बोलवायचं. मला कल्पना आहे, हे वाचताना अनेकांच्या अंगावर काटा आला असेल. मिस्त्री म्हणजे ॲडव्हान्स घेऊन गावच्या लग्नाला जाणारा माणूस. शिवाय तोही लबाडी करू शकतो, आणि करतो. पण त्याच्या लबाडीत आपला वाटा किती? 'दिवाळीच्या आत पाहिजे' असा आपण धोशा लावतो. लाकूड वखारीत वाळायला वेळ मागतं आणि आपल्याला वसुबारसेला सोफा हवा! मग तो ओलसर लाकूड वापरतो, आणि होळीपर्यंत सांधे उघडतात. लाकडाच्या दरात आपण एक पैसा घासाघीस करत नाही, कारण वखारवाला दाद देत नाही. तेव्हा सगळी घासाघीस त्याच्या मजुरीवर. रंधा मारून, पटाशीने खाचा पाडून, हाताने पॉलिशचा बोळा फिरवून दहा दिवस राबणाऱ्या माणसाला आपण विचारतो, "शेवटचा आकडा काय?" त्याचा मुलगा आता दुचाकीवरून जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याला दोष देणार कोण?

आमच्या हिची उंची चार फूट दहा इंच. तीस वर्षं ती दुकानातल्या अठरा इंची खुर्च्यांवर बसत आली, म्हणजे पायांची नुसती बोटं टेकवून. कंबर दुखते म्हणून डॉक्टर झाले, शेक झाले, पट्टे झाले. मागच्या वर्षी मिस्त्री स्वयंपाकघरातल्या खुर्चीचं माप घ्यायला आले. त्यांनी टेप काढलाच नाही. चार-सहा फळ्यांचा ढीग रचला आणि म्हणाले, "वहिनी, बसा यावर." ही बसली. त्यांनी तिला उठवून एक फळी काढली. पुन्हा बसवलं. पुन्हा एक काढली. टाचा जमिनीला पूर्ण टेकल्या तेव्हा "बास" म्हणाले आणि ढिगाची उंची मोजली. साडेपंधरा इंच! तीस वर्षांत एकाही दुकानात कोणी तिच्या टाचांकडे बघितलं नव्हतं.

साडूंनी ती खुर्ची पाहिली, किंमत विचारली. "चौदा हजार? एका खुर्चीला? अहो, एवढ्यात चार आल्या असत्या!" म्हणाले. खरंच आहे, चार आल्या असत्या. चारही अठरा इंची. हिने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला आणि मुकाट्याने आपल्या खुर्चीवर जाऊन बसली, टाचा टेकवून. साडूंच्या पत्नी मात्र तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांची उंची हिच्यापेक्षाही बोटभर कमी आहे. जाताना त्यांनी दारात हळूच मिस्त्रींचा नंबर मागितला.

त्यांची खुर्ची आता ठरली आहे. मिस्त्रींनी अकरा तारखेला नक्की येतो म्हणून सांगितलंय. कोणत्या महिन्याच्या, ते काही बोलले नाहीत.