पाटी दिली, तोंड बांधले

फराळाचे ताट समोर असता हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला ऐकवले, “मास्तर, मागासलेल्या देशाला हुकूमशहाच लागतो. सोमालियाचा सियाद बर्रे पाहा! त्याने उंटपाळांच्या हाती पाटी दिली. तो गेला आणि देश बुडाला.” वीस वर्षे खडू झिजवलेल्या माणसाला याचे उत्तर दिल्यावाचून राहवेना.

गृहस्थांचे निम्मे म्हणणे खरे आहे. सोमाली लोकांची भाषा एक, तिच्यातले काव्य पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत. पण ती लिहावी कशी यावरच वाद. कोणी अरबी लिपी म्हणे, कोणी उस्मान युसूफ केनादीदने रचलेली उस्मानिया, कोणी रोमन. १९६० साली स्वातंत्र्य आले, तरी कचेरीतला कागद इंग्रजीत नाही तर इटालियनमध्ये. १९६९ साली लष्कराच्या बळावर सत्तेवर आलेल्या बर्रेने १९७२ साली रोमन लिपी ठरवून हा घोळ मिटवला. १९७४ साली माध्यमिक शाळा बंद ठेवून हजारो मुलेमुली रानोमाळच्या वस्त्यांवर धाडली. येते त्याने शिकवावे, येत नाही त्याने शिकावे, अशी घोषणा होती. त्यातच भीषण दुष्काळ पडला. शिकवता शिकवता पोरांनी दुष्काळग्रस्तांची सेवाही केली. त्या पोरांना माझा नमस्कार!

पण पुढले निम्मे गृहस्थांनी गिळले. अक्षर शिकलेला माणूस नुसती सरकारी पत्रके वाचून थांबत नाही. हर्गेसा शहरात काही तरुण डॉक्टर, शिक्षक एकत्र आले. इस्पितळाची दैना झाली होती, ते त्यांनी लोकांच्या मदतीने सुधारायला घेतले. हे सरकारच्या डोळ्यांत सलले. १९८१ च्या अखेरीस त्यांना पकडले. १९८२ च्या फेब्रुवारीत खटला उभा राहताच शाळेतली मुले दगड घेऊन रस्त्यावर आली. उत्तर मिळाले ते गोळीचे.

मी विचारतो, त्या मुलांनी काय करावे? अर्ज लिहावा? अर्ज लिहायला शिकवणारेच तुरुंगात होते! १९८१ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या सोमाली राष्ट्रीय चळवळीने इथिओपियातून शस्त्र उचलले आणि असे कितीतरी तरुण तिला जाऊन मिळाले. १९८८ साली ती हर्गेसावर चालून आली, तेव्हा बर्रेची विमाने त्या शहराच्याच विमानतळावरून उडाली आणि त्याच शहरावर बॉम्ब टाकून परतली. १९९१ साली बर्रे पळाला. देश बुडाला तो तेव्हा नव्हे. मास्तरांच्या हातांत बेड्या पडल्या, त्या दिवशीच होडीत पाणी शिरले होते.

यावरून बंदूक शाळा चालवते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ‘अल्-शबाब’ म्हणजे तरुण. हे नाव मिरवणाऱ्यांनी २०११ साली कुराणपठणाच्या स्पर्धेत मुलांना बक्षीस म्हणून बंदुका दिल्या. त्याच वर्षी मोगादिशूत तुर्कस्तानच्या शिष्यवृत्तीचा निकाल पाहायला विद्यार्थी जमले होते. तिथे यांनी स्फोटकांनी भरलेला ट्रक उडवला. सत्तरांहून अधिक माणसे गेली. २०२२ साली शिक्षणमंत्रालयावरच घाला घातला. शंभरांहून अधिक गेली. जिथे प्रश्न विचारला जातो ती जागा हुकूमशहाला नको असते, तशी यांनाही नको असते. दोघांची शत्रू एकच : शाळा.

आणि तरीही ती उभी राहते. बोरामा गावी युद्धात उजाड झालेल्या अमूदच्या जुन्या शाळेच्या आवारात लोकांनी १९९८ साली विद्यापीठ सुरू केले. गावकऱ्यांनी हातभार लावला, परदेशी गेलेल्यांनी पैसे धाडले. त्यासाठी त्यांना हुकूमशहा लागला नाही.

गृहस्थहो, पाटी देणाऱ्याचे उपकार जरूर माना. पण त्या पाटीवर पोराने स्वतःच्या मनातले लिहिले, तर तो काय करतो, तेही एकदा पाहा!