पडलेल्या खुंट्या कोणी उभ्या करायच्या?

यंदाच्या क्रीडासप्ताहात लगोरीचे सामने ठेवावेत अशी सूचना शिक्षकांच्या बैठकीत आली, तेव्हा एका सहकाऱ्याने हसून विचारले, "दगड रचण्याच्या खेळाला बक्षीस कसले द्यायचे?" प्रश्न थट्टेचा होता, तथापि तो आमच्या मनातून गेला नाही. कारण त्याच आठवड्यात इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याने आम्हांस दुसराच एक प्रश्न विचारला होता. सुटीत तो मुंबईस चुलत्यांकडे गेला असता तेथे त्याने 'बोलिंग' नावाचा खेळ पाहिला. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडायचा आणि साठ फुटांवर त्रिकोणात उभ्या असलेल्या दहा खुंट्या पाडायच्या, असा तो खेळ. मुलाला पाडण्याचे फारसे कौतुक वाटले नव्हते. तो म्हणाला, "चेंडू आपोआप परत येतो, खुंट्या पुन्हा उभ्या राहतात; पण त्या पडद्यामागे कोण असतो ते दिसतच नाही. कोण असतो?"

आज तेथे यंत्र असते, हे या प्रश्नाचे सरळ उत्तर. परंतु सरळ उत्तराने मुलांचे समाधान होत नाही आणि आमचेही झाले नाही.

ज्यांस 'पिन' म्हणतात त्या खुंट्या मेपल वृक्षाच्या लाकडाच्या, पंधरा इंच उंच आणि सुमारे दीड किलो वजनाच्या असतात. चेंडूचे वजन सोळा पौंडांपर्यंत असू शकते. अमेरिकेत हा खेळ शहरोशहरी पसरला तेव्हा पट्टीच्या टोकाशी एक खड्डा असे आणि खड्ड्याच्या वर अरुंद कठड्यावर पाय वर घेऊन एक मुलगा बसलेला असे. चेंडू आला, खुंट्या उडाल्या, की त्याने खाली उडी मारायची, चेंडू उचलून परतीच्या उतरत्या पट्टीवर ठेवायचा, पडलेल्या खुंट्या गोळा करून नेमक्या जागी मांडायच्या आणि पुढचा चेंडू सुटण्याआधी पुन्हा कठड्यावर चढायचे. उडालेली खुंटी नडगीवर बसणे ही नित्याची गोष्ट. मोबदला डावागणिक काही सेंट. या मुलांना 'पिनबॉय' म्हणत. त्यांत पुढेपुढे निराधार प्रौढ माणसेही असत. तरी नाव मात्र 'बॉय' हेच राहिले. आपल्याकडेही साठीचा म्हातारा उपाहारगृहात 'पोऱ्या'च असतो, ते येथे आठवावे.

लुइस हाइन नावाचे एक गृहस्थ न्यूयॉर्क येथे शिक्षक होते. पुढे त्यांनी खडू ठेवून कॅमेरा हाती घेतला आणि बालमजुरीविरुद्ध झटणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी देशभर हिंडून कामकरी मुलांची छायाचित्रे काढली. 1910 च्या एप्रिल महिन्यात ब्रुकलिन येथील एका बोलिंगगृहात त्यांनी पिनबॉयांचे एक चित्र घेतले. वेळ रात्री एकची. चित्राखाली त्यांनी स्वतः नोंद करून ठेवली आहे की, याहून लहान अशा तीन मुलांना मालकाने चित्राबाहेर ठेवले. आम्ही व्यवसायाने शिक्षक असल्यामुळे असेल, चित्रात दिसणाऱ्या मुलांपेक्षा न दिसणारी ती तीन मुलेच आमच्या डोळ्यांपुढे अधिक येतात. सकाळी ती कोणत्या शाळेत जाऊन बाकावर डोके टेकून झोपली असतील? झोपल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली असेल काय?

या मुलांच्या जागी यंत्र आणण्याची खटपट पुष्कळांनी केली. ती साधली गॉटफ्रीड श्मिट यांना. त्यांचे यंत्र विकत घेऊन पुढे आणणारी संस्था म्हणजे 'अमेरिकन मशीन अँड फाउंड्री'. 1946 साली बफेलो येथील मोठ्या स्पर्धेच्या वेळी हे यंत्र लोकांना दाखविण्यात आले. परंतु ते भरवशाचे होण्यास आणखी पाच-सहा वर्षे लागली. 1950 नंतरच्या दशकात मात्र ते झपाट्याने पसरले आणि त्याच दशकाच्या मध्यास 'ब्रन्सविक' या प्रतिस्पर्धी कंपनीनेही आपले यंत्र बाजारात आणले. या यंत्रांची करामत पाहण्यासारखी आहे. पहिल्या चेंडूनंतर एक आडवा दांडा खाली येतो. वरून एक जड मेज उतरते आणि ज्या खुंट्या अजून उभ्या आहेत त्यांना माना धरून अलगद वर उचलते. दांडा पडलेल्या खुंट्या मागे लोटतो. मग उचललेल्या खुंट्या होत्या तेथेच पुन्हा ठेविल्या जातात. मागे पडलेल्या खुंट्या रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारख्या एका फिरत्या चाकातून वर चढतात आणि पुढच्या मांडणीसाठी आपापल्या घरात जाऊन बसतात. पट्टे, दात्यांची चाके, साखळ्या, तेलाचा वास आणि अखंड खडखडाट! पडद्यामागे या सर्वांची निगा राखणारा एक यंत्रज्ञ असे आणि नुसत्या आवाजावरून कोणत्या यंत्राचे काय बिनसले हे तो सांगे.

आज ही जुनी यंत्रेही जाऊ लागली आहेत. प्रत्येक खुंटीच्या डोक्याला दोरी बांधून कळसूत्री बाहुलीप्रमाणे ती वर ओढून घेणारी नवी यंत्रे आली आहेत. त्यांत सुटे भाग थोडे, वीज कमी लागते, जाणता यंत्रज्ञ नसला तरी चालते. 2023 साली अमेरिकेतील या खेळाच्या मुख्य संस्थेने दोरीच्या खुंट्यांच्या खेळालाही वेगळा प्रकार म्हणून मान्यता दिली. जुनी बोलिंगगृहे तर किती तरी बंद पडली. त्यामुळे तिकडच्या रसिकांत हळहळ आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीची यंत्रे कोणी हौसेने दुरुस्त करून जपतात, कोणी दोरी न बांधलेल्या खुंट्यांचा मोकळा आवाज आठवून उसासे टाकतात.

ही हळहळ आम्हांस हास्यास्पद वाटत नाही. बेळगाव-निपाणीच्या या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला जुन्या गोष्टींची ओढ काय असते ते कोणी शिकवावयास नको. आमच्या गावागावांतील तालमींची माती, एकपडदा चित्रगृहे, उसाची लाकडी चरके यांच्या आठवणी आपण काढतोच. तक्रार एवढीच की, या स्मरणरंजनाला यंत्र दिसते, यंत्राआधीचा मुलगा दिसत नाही. जुने यंत्र जपणारे शेकडो निघाले; पण कठड्यावर पाय वर घेऊन बसलेल्या मुलासाठी उसासा टाकणारे त्या मानाने किती? जी वस्तू जपता येते तिची आठवण राहते. मजुरी ही जपता येण्याजोगी वस्तू नाही. ती रोज संध्याकाळी संपते.

येथे निपाणीकर वाचकांना आम्ही एक गोष्ट मुद्दाम सांगू इच्छितो. खुंट्या मांडणारे यंत्र आणणारी ती अमेरिकन संस्था 1900 साली स्थापन झाली, ती बोलिंगसाठी नव्हे, तंबाखूसाठी! सिगारेटी आणि सिगार वळण्याची, भरण्याची, वेष्टने बांधण्याची यंत्रे करणे हा तिचा मूळ धंदा होता. तिच्या सिगार-यंत्राने हाताने सिगार वळणाऱ्या कारागिरांची जागा घेतली आणि पुढे तिच्याच दुसऱ्या यंत्राने पिनबॉयांची. दोन्ही ठिकाणी हात गेले, यंत्र आले. फरक असा की, एका ठिकाणी कारागिराची विद्या गेली आणि दुसऱ्या ठिकाणी मुलाची मध्यरात्रीची वेठ गेली. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन यंत्रांना आम्ही एकच निवाडा देऊ शकत नाही.

आणि आमच्या निपाणीत? येथील तंबाखू बिडीचा आणि बिडी अजून हातानेच वळली जाते. हाताच्या बिडीला सरकारी करात यंत्राच्या बिडीपेक्षा दीर्घकाळ सवलत मिळत आली, हे त्याचे एक कारण. मांडीवर सूप, सुपात जर्दा, मापाने कातरलेले तेंदूचे पान, बोटाची एक वळी, तोंड दुमडणे, दोऱ्याचा फेरा. हिशेब हजारावर. बहुतेक बायकाच हे काम करतात. बिडी व सिगार कामगारांसाठी 1966 साली कायदा झाला. 1986 च्या बालमजुरीविषयक कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना ज्या कामांस लावण्याची बंदी केली त्यांत बिडी वळणे हेही होते. 1981 साली याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय महामार्ग रोखून धरला. एप्रिलमध्ये गोळीबार झाला आणि बारा जण बळी पडले. तंबाखू पिकविणाऱ्याची ही कहाणी येथील पोरासोरांनाही ठाऊक आहे. वळणारीची कहाणी तितकी ठाऊक नाही.

गेल्या वर्षी आम्ही 'माझ्या आईचे हात' हा निबंध घातला होता. बहुतेकांनी हात प्रेमळ असल्याचे लिहिले. एका मुलीने लिहिले की, आईला न मोजता पंचवीस बिड्या मुठीत येतात, चोविसाव्या वा सव्विसाव्या बिडीला हात आपोआप थांबतो आणि चुकल्याचे कळते. परंतु सुईत दोरा ओवायचा असला की आई मला हाक मारते, तिला आता दिसत नाही. त्या निबंधात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. आम्ही त्या लाल शाईने दाखविल्या नाहीत. हे आमच्या कर्तव्यात चुकलेच, असे मुख्याध्यापकांस वाटले तर आमची तक्रार नाही.

आता कोणी विचारील, निपाणीत बिडीचे यंत्र यावे असे तुमचे म्हणणे आहे काय? नाही. यंत्र आले तर डोळे वाचतील आणि चूल विझेल. न आले तर चूल पेटेल आणि डोळे जातील. बिडीने ओढणाऱ्याचे काय होते हा प्रश्न आणखी निराळाच. या पेचाला उत्तर आमच्यापाशी नाही. पण उद्या हे काम संपले आणि आमच्यातीलच कोणी सुखवस्तू माणूस "काय ते दिवस होते, दारोदारी सुपे घेऊन बसलेल्या बायका!" म्हणून गहिवरला, तर त्या मुलीची वही त्याच्यापुढे ठेवता यावी, एवढी आमची इच्छा आहे.

याच संदर्भात आमच्या थोरल्या मामांची गोष्ट सांगतो. आमचे घर कोंकणी बोलणारे. मामा मुंबईस गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. त्यांत कोकणातले, तसेच चंदगड, आजरा, गडहिंग्लज या बाजूचे किती तरी होते. मामा गावी परतले ते कायमचेच. आम्ही शाळेत असताना एकदा ते आम्हांस मुंबई दाखविण्यास घेऊन गेले. लोअर परळ येथे 1905 सालची फिनिक्स गिरणी होती; तिच्या आवारात तोवर दुकाने, उपाहारगृहे आणि एक बोलिंगगृह निघाले होते. मामांची स्वतःची गिरणी दुसरी. तरी त्या आवारात शिरताना त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, हे आम्हांस आठवते. आत थंडगार हवा, रंगीत दिवे. आम्ही चेंडू न्याहाळत होतो. मामा मात्र त्या साठ फुटांच्या पलीकडे, पडद्याखालच्या अंधारात टक लावून पाहत होते. मग वाकून म्हणाले, "थंय फाटल्यान कोण आसा रे?" तेथे मागे कोण आहे?

यंत्र आहे, असे तेथील तरुण नोकराने सांगितले. मामा थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले आणि म्हणाले की, साचाच चालल्यासारखा आवाज आहे, फक्त माणसांचा गलका नाही. खेळाचे दर फलकावर लिहिले होते. ते वाचून आम्ही दोघे बाहेर आलो.

तेव्हा लगोरीला बक्षीस कसले, या प्रश्नाकडे वळू. कोंकणीत आम्ही हिला 'लगोऱ्यो' म्हणतो, घाटावर कोठे 'लिंगोरचा' म्हणतात, कानडी मुले 'लगोरी'च म्हणतात. या एका शब्दाबाबत सीमेच्या दोन्ही अंगांस तंटा नाही. सात चपटे दगड एकावर एक रचायचे. चेंडूने ते पाडायचे. येथवर बोलिंग आणि लगोरी सारखीच. पण पाडल्यावर खेळ संपत नाही, तेथे तो सुरू होतो. ज्यांनी पाडले त्यांनीच पुन्हा रचायचे, तेही प्रतिपक्ष चेंडू मारीत असताना, पाठीवर घाव सोसून! कठड्यावर कोणी पोऱ्या बसलेला नाही, पडद्यामागे कोणी यंत्रज्ञ नाही. ज्या खेळात उभे करणे हाच खेळ आहे, त्यास यंत्र कोणी शोधून काढले नाही, कारण यंत्रावर सोपविण्याजोगे त्यात काही उरतच नाही. आमच्या सहकाऱ्यांस आम्ही हे बैठकीतच सांगावयास हवे होते; पण आम्हांस चांगले उत्तर नेहमी घरी गेल्यावर सुचते.

सामने झाले. मुलींच्या अंतिम सामन्यात आठवी विरुद्ध नववी असा डाव रंगला. निबंध लिहिणारी ती मुलगी नववीच्या बाजूने खेळत होती. सहा दगड बसले होते. तिच्या खांद्याजवळून एक चेंडू गेला, दुसरा गेला. तिने सातवा दगड चाचपून न पाहता ठेवला आणि हात वर केले.