सत्यान्वेषण आणि कबुलीजबाब

भारतीय भाषांच्या तौलनिक अभ्यासात गुप्तहेरकथेला अद्यापि माजघरात प्रवेश मिळालेला नाही. तिला ओसरीवर बसवून तिची बोळवण करण्याचीच रीत आहे. दूरचित्रवाणीवरील गुप्तहेर व पोलीस मालिकांच्या वाट्याला तर ओसरीही आलेली नाही. करमणुकीचे साधन म्हणून समाजशास्त्रज्ञ त्यांची कधीमधी दखल घेतात. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे वळावे असे त्यांत काही आहे, हे सहसा मान्य होत नाही. वस्तुतः १९८५ ते १९९८ या अवघ्या तेरा-चौदा वर्षांत या मालिकांनी दोन गोष्टी घडवून आणल्या. एका भारतीय भाषेतील नायक त्यांनी अन्य भाषिकांच्या घरोघर नेऊन पोचविला. आणि ‘सत्य’ कशाला म्हणावे याविषयीची सर्वसामान्य प्रेक्षकाची कल्पना त्यांनी हळूहळू बदलून टाकली. पहिली गोष्ट आनंदाची आहे, दुसरी चिंतेची.

या कालखंडाचा आरंभ १९८५ मधील ‘करमचंद’पासून धरता येईल. दूरदर्शनवर रंग येऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पंकज पराशर यांच्या या मालिकेत पंकज कपूर यांनी रंगविलेला गाजर खाणारा, काळा चष्मा लावणारा गुप्तहेर हा मुळात एक विनोदी नमुना होता. गुन्ह्यापेक्षा त्याच्या लकबीच प्रेक्षकांच्या ध्यानात राहिल्या. त्याच सुमारास ‘सत्यजित राय प्रेझेंट्स’ या मालिकेत संदीप राय यांनी फेलूदाला हिंदीत आणले आणि शशी कपूर यांच्याकडे ती भूमिका दिली. १९८९ मध्ये कविता चौधरी यांची ‘उडान’ आली, १९९३ मध्ये बासू चॅटर्जी यांची ‘ब्योमकेश बक्शी’ आणि १९९८ मध्ये खासगी वाहिनीवर बी. पी. सिंग यांची ‘सी.आय.डी.’. या सर्वांना एकाच माळेत ओवण्याची सवय झाली असली तरी त्यांचे धागे निरनिराळे आहेत, आणि ते धागे छापील वाङ्मयापर्यंत मागे नेता येतात.

भारतीय भाषांमध्ये गुन्ह्याच्या कथेचे दोन प्रवाह आरंभापासूनच शेजारी शेजारी वाहत आलेले आहेत. कलकत्त्याच्या पोलीस खात्यात काम केलेल्या प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तेथे कथन करणारा स्वतः सरकारी अंमलदार आहे. हिंदीत गोपालराम गहमरी यांनी १९०० मध्ये ‘जासूस’ नावाचे मासिकच काढले. मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून ‘झुंजार’, ‘काळापहाड’ यांसारखे नायक वाचनालयांतून घराघरांत पोचविले. एका प्रवाहात सत्य दप्तरातून, म्हणजे सत्तेच्या नोंदीतून निघते; दुसऱ्यात ते एका खासगी माणसाच्या निरीक्षणातून निघते. दूरचित्रवाणीने हे दोन्ही प्रवाह उचलले. प्रश्न एवढाच की कोणता अखेरीस वरचढ ठरला, आणि त्याची किंमत कोणी दिली.

खासगी अन्वेषकाच्या परंपरेत ब्योमकेशचे स्थान अनन्य आहे. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९-१९७०) यांचा महाराष्ट्राशी असलेला संबंध मराठी अभ्यासकांनी जितका ध्यानात घ्यावयास हवा तितका घेतलेला नाही. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी चित्रपटकथा लिहिण्यास मुंबईस आले, आणि पुढे चित्रपटसृष्टीचा निरोप घेऊन १९५२ मध्ये पुण्यात स्थायिक झाले. मध्यंतरीच्या काळात सुमारे पंधरा वर्षे थांबलेली ब्योमकेशकथा त्यांनी याच सुमारास पुन्हा हाती घेतली. म्हणजे ज्या कलकत्त्याचे चित्र या कथांत इतके जिवंत वाटते, ते पुष्कळसे मुठेच्या काठी बसून रेखाटलेले आहे. शिवकालावर बेतलेल्या त्यांच्या ‘सदाशिव’कथा आणि महाबळेश्वरात घडणारी, बव्हंशी पत्ररूप अशी ‘शैलरहस्य’ ही ब्योमकेशकथा, ही या वास्तव्याची वाङ्मयीन फळे होत. मालिकेतही हा धागा अभावितपणे पुढे चालू राहिला. बंगाली कुटुंबातले, परंतु मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाढलेले दिग्दर्शक. ब्योमकेशच्या भूमिकेत रजित कपूर, अजितच्या भूमिकेत के. के. रैना आणि सत्यवतीच्या भूमिकेत मराठी अभिनेत्री सुकन्या कुलकर्णी. बंगाली कथेचा हा हिंदी अवतार खऱ्या अर्थाने आंतरभारतीय होता.

अनुवाद म्हणून या मालिकेकडे पाहिले असता काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात. ‘पथेर काँटा’ या कथेचे रहस्य एका श्लेषावर उभे आहे: वाटेतला काटा म्हणजे आपल्या आड येणारा माणूस, आणि तो दूर करणारे साधनही टोचणारेच, ग्रामोफोनची पिन. ‘रास्ते का काँटा’ म्हणताच हा श्लेष हिंदीत जसाच्या तसा उतरतो. मराठीतही ‘मार्गातला काटा’ म्हटले की काम भागते. येथे तिन्ही भाषांचा सामाईक वाक्प्रचार अनुवादकाच्या मदतीस धावून येतो. ‘सजारुर काँटा’चे ‘साही का काँटा’ होते, तेव्हाही अर्थ शाबूत राहतो. परंतु हरवते ते निराळेच. आरंभीच्या ब्योमकेशकथा शरदिंदूंनी साधुभाषेत लिहिल्या, उत्तरकालीन कथांत ते चलित भाषेकडे वळले. भारदस्त, क्रियापदांची पूर्ण रूपे जपणारी ती साधुभाषा आणि तिच्यातून सांगितलेला शहरातला अमानुष गुन्हा, यांतील ताणामुळे मूळ कथेला एक प्रकारची गंभीर शालीनता लाभते. हिंदी संवादांना असा भाषिक स्तर उपलब्धच नव्हता. दिग्दर्शकाने ती उणीव गतीने भरून काढली: संथ चित्रण, मोजके पार्श्वसंगीत, खोलीत बसून चालणारे दीर्घ संभाषण. भाषेची शालीनता दृश्याच्या संयमात अनुवादित झाली, असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. अनुवादविषयक चर्चेत शब्दांच्या पर्यायांवर जितकी शाई खर्ची पडते, तितकी अशा माध्यमांतरावर पडत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

निवेदकाचे स्थान हा दुसरा मुद्दा. कथेत अजित पाहतो सारे, परंतु उमगत नाही. वाचकाला त्याच्याच डोळ्यांनी पाहावे लागते आणि त्याच्या न उमगण्यात सहभागी व्हावे लागते. पडद्यावर कॅमेरा कोणाचाच मित्र नसतो. तो अजितला दाखवतो, अजितमधून दाखवीत नाही. त्यामुळे लेखक असलेला अजित पडद्यावर केवळ सोबती होऊन राहतो. तरीही के. के. रैना यांनी त्याचा विदूषक होऊ दिला नाही. ‘करमचंद’मधील किटीच्या वाट्याला आलेली अवहेलना त्याच्या वाट्याला आली नाही. नायकाच्या बुद्धीला उठाव देण्यासाठी सोबत्याला मूर्ख ठरविण्याची आवश्यकता नसते, हे या मालिकेने दाखवून दिले.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा नायकाच्या आत्मसंज्ञेचा. ब्योमकेशला ‘डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेणे रुचत नाही. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवितो. हा केवळ शब्दांचा शौक नव्हे. ‘मकड़सार रस’ या कथेत खून नाही, अटकही नाही. पहाऱ्यात ठेवलेल्या एका वृद्धापर्यंत त्याच्या व्यसनाचे विष पोचते कसे, एवढाच प्रश्न आहे, आणि उत्तर सापडले की कथा संपते. ‘आदिम रिपु’ ही कथा १९४६ च्या दंगलींपासून स्वातंत्र्याच्या पहाटेपर्यंतच्या काळात घडते आणि तीत ब्योमकेश गुन्हेगाराला ओळखूनही पोलिसांच्या स्वाधीन करीत नाही. सत्य जाणणे आणि शिक्षा देणे या दोन स्वतंत्र क्रिया आहेत, पहिली पार पडली म्हणजे दुसरीचा अधिकार आपोआप प्राप्त होतो असे नाही, ही जाणीव या कथांच्या मुळाशी आहे.

पोलिसी प्रवाहातही प्रारंभी संयम होता. ‘उडान’ची नायिका कल्याणी सिंग ही भारतीय पोलीस सेवेत प्रवेश करू पाहणारी मुलगी. लेखिका-दिग्दर्शिका कविता चौधरी यांनी ही व्यक्तिरेखा आपल्या भगिनी कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या जीवनावरून घडविली होती. या भगिनी पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, आणि राज्याच्या पोलीस दलाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या देशातील पहिल्या महिला ठरल्या. ‘उडान’मध्ये गणवेश ही अंगावर चढविण्याची वस्तू नसून कष्टाने मिळविण्याची पात्रता होती. मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेचे नावच मुळी नागरिकाने पोलिसांना मदतीसाठी फिरवावयाचा दूरध्वनी क्रमांक होते. म्हणजे कथेचा आरंभ नागरिकाच्या हाकेपासून होत होता. त्याच मालिकेत पोलीस अधिकारी रंगविणारे शिवाजी साटम १९९८ पासून ‘सी.आय.डी.’चे एसीपी प्रद्युम्न झाले. नट तोच, परंतु कथेचे केंद्र सरकले. आता दार ठोठावणारा नागरिक उरला नाही. दार तोडणारा अधिकारी उरला.

‘सी.आय.डी.’ची लोकप्रियता वादातीत आहे. तिचे पहिले पर्व २०१८ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालले आणि डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. तिच्या ठरीव शेवटाकडे मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावयास हवे. संशयितांना एकत्र केले जाते, आवाज चढतो, प्रसंगी हात उगारला जातो, आणि आरोपी आपल्या तोंडाने सारे कबूल करतो. त्यानंतर कथेला सांगण्यासारखे काहीच उरत नाही. न्यायालय, साक्षीदार, उलटतपासणी यांची गरजच उरत नाही. परंतु १८७२ च्या भारतीय साक्ष अधिनियमाचे पंचविसावे कलम पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करण्यास मज्जाव करीत होते, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमाने तोच दंडक कायम ठेवला आहे. कोठडीतील मारझोडीची भीती परकीय राज्यकर्त्यांनाही इतकी खरी वाटली की त्यांनी आपल्याच पोलिसांवर हा अविश्वास कायद्यात नोंदवून ठेवला. पडद्यावर मात्र, कायदा ज्याला पुरावा मानीत नाही, त्यालाच सत्याचे अंतिम रूप म्हणून वर्षानुवर्षे गौरविले गेले.

यावर असा आक्षेप घेता येईल की कबुली हा केवळ नाट्यसंकेत आहे. चाळीस-पन्नास मिनिटांत गोष्ट आटोपावयाची तर खटला कसा दाखवावा? शिवाय ब्योमकेश तरी कायद्याच्या चौकटीत कोठे वागतो? आक्षेप बिनतोड वाटतो, पण तसा नाही. ब्योमकेश कायद्याबाहेर पाऊल टाकतो तेव्हा ते बाहेरचे पाऊल आहे हे लेखकाला, अजितला आणि वाचकालाही ठाऊक असते. त्या निर्णयाचा भार एका व्यक्तीच्या विवेकावर पडतो. पोलीस मालिकेत तीच कृती गणवेश चढवून, कायदा म्हणूनच समोर येते. पहिल्या ठिकाणी नीतीचा प्रश्न उपस्थित होतो. दुसऱ्या ठिकाणी तो मिटवून टाकला जातो. संकेत निष्पाप नसतात. शतकानुशतके ऐकलेल्या कथा श्रोत्याची न्यायबुद्धी घडवितात हे महाकाव्यांबद्दल मान्य करणाऱ्यांनी ते मालिकांबद्दल अमान्य करणे सुसंगत ठरत नाही.

आणखी एक पात्र या स्थित्यंतरात लोपले, ते म्हणजे पंच. ‘पंचनामा’ हा शब्द मराठी माणसाच्या नित्याच्या बोलण्यात इतका मुरलेला आहे की त्यातील ‘पंच’ कोण, याचा विसर पडतो. झडतीच्या वेळी त्या वस्तीतील दोन वा अधिक स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावून त्यांच्यासमक्ष झडती घ्यावी, हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सांगितले होते. म्हणजे गुन्ह्याचे सत्य शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत नोंदले जावे अशी अपेक्षा होती. ब्योमकेशच्या जगात हा शेजारी सर्वत्र आहे. ‘सत्यान्वेषी’ ही कथाच कलकत्त्यातील एका मेसमध्ये, एकमेकांच्या खोल्यांत डोकावणाऱ्या माणसांच्या सहवासात घडते. पोलीस मालिकेत शेजारी एक तर प्रेत पाहून किंकाळी फोडतो, नाही तर संशयित ठरतो. साक्षी तो कधीच नसतो. त्याच्या जागी प्रयोगशाळा येते, आणि नागरिकाच्या समजुतीपलीकडचे तिचे निष्कर्ष निमूटपणे स्वीकारावयाचे असतात.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या मालिकांकडे वळावे ते एवढ्यासाठी. विद्यापीठांतील तौलनिक साहित्याच्या अभ्यासक्रमात ‘सत्यान्वेषी’चा बंगाली पाठ, दूरदर्शनवरील त्याचे हिंदी रूप आणि अर्नाळकरांची एखादी कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचणे अवघड नाही. त्यासाठी नवा सिद्धान्त आयात करावयास नको. भाषा, निवेदन आणि मूल्यदृष्टी यांविषयी जे प्रश्न इतर साहित्याला विचारले जातात, तेच येथे विचारावयाचे आहेत. ज्या कथा कोट्यवधी लोकांनी आठवड्यामागून आठवडे पाहिल्या, त्या कथांनी सत्याची कोणती व्याख्या त्यांच्या मनात रुजविली, याचा शोध घेणे हेही सत्यान्वेषणच आहे. ते काम वाङ्मयाच्या अभ्यासकांनी टाळले, तर समाजापुढे कबुलीजबाब तेवढा उरेल. आणि तो कोणी, कोणापुढे, कोणत्या धाकाने दिला हे विचारण्याची सवय मात्र उरणार नाही.