छातीला गाठ, मग डोक्याचा एमआरआय कशाला?

“छातीला गाठ आलीय आणि तुम्ही डोक्याचा एमआरआय सांगताय, हे कसं काय मॅडम?” सहा-सात वर्षांच्या मुलींच्या आया हे विचारतात तेव्हा आवाजात भीती असते आणि संशयही. मेंदूत काही निघालं तर, ही भीती. आपल्याला उगाच खर्चात पाडताहेत की काय, हा संशय. मला दोन्ही रास्त वाटतात. या बाबतीत आपल्याकडे दोन्ही टोकांना चुका होतात. जिला फारशी गरज नाही तिला पहिल्याच भेटीत मशीनमध्ये घातलं जातं आणि जिला खरोखर गरज आहे ती वर्ष-दीड वर्ष घरगुती समजुतींत अडकून राहते.

आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर. वयात येण्याची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो. त्यातल्या काही पेशी बाळपणीचे पहिले काही महिने जाग्या असतात आणि मग अनेक वर्षं दबून राहतात. पुढे कधीतरी, सुरुवातीला रात्री झोपेतच, त्या ठरावीक अंतराने संप्रेरक सोडू लागतात. त्या इशाऱ्यावर पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही संप्रेरकं बनवते, अंडाशय इस्ट्रोजेन बनवू लागतं आणि आईच्या हाताला ती गाठ लागते. मुलींमध्ये हे आठ वर्षांच्या आत आणि मुलग्यांमध्ये नऊच्या आत घडलं, तर आम्ही त्याला अकाली म्हणतो. मेंदूतलं हे दडपण एखाद्या गाठीमुळे, पाण्याच्या पुटीमुळे किंवा जुन्या आजारामुळे उठलं असेल का, एवढंच एमआरआयला विचारायचं असतं. आपल्याकडे टीबीचा मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलांमध्येही हे दिसतं, म्हणून तो इतिहास आवर्जून सांगावा.

मुलग्यांमध्ये असं कारण सापडण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे त्यांच्याबाबत वाद नाही, एमआरआय करायचाच. मुलींमध्ये दहापैकी नऊ जणींच्या मेंदूत काहीच सापडत नाही. खरी अडचण इथून सुरू होते.

2009 मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या बाल-अंतःस्रावतज्ज्ञांनी एकत्र बसून जे मतैक्य प्रसिद्ध केलं, त्यात सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या सगळ्या मुलींचा एमआरआय करावा, असं स्पष्ट म्हटलं. सहा ते आठ या वयाबद्दल मात्र एकमत झालं नाही. तो वाद अजून मिटलेला नाही. कोपनहेगनच्या डॉक्टरांनी 2012 मध्ये 229 मुलींचा अभ्यास मांडला. मेंदूच्या आजाराचं दुसरं कोणतंही लक्षण नसलेल्या 208 मुलींपैकी 13 जणींच्या एमआरआयमध्ये दोष निघाला आणि त्या तेराही जणी सहा वर्षांच्या वरच्या होत्या. या मुलींना वगळून कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. पुढे 2018 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला, तेव्हा सहाच्या आत सुरुवात झालेल्या मुलींमध्ये दोषाचं प्रमाण 25 टक्के आणि सहानंतर 3 टक्के आलं. हे दोन्ही अभ्यास मी गंभीरपणे घेते. सहाच्या वर धोका शून्य नाही, हे कोपनहेगनने दाखवलं. पण शंभरातल्या तिघींसाठी उरलेल्या सत्त्याण्णव जणींना सरसकट एमआरआयच्या बोगद्यातून न्यायचं का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

शिवाय सापडतं ते काय, हेही पाहायला हवं. सर्वांत जास्त आढळतो तो हायपोथॅलॅमसचा हॅमार्टोमा. तो कर्करोग नव्हे, तो पसरत नाही. मेंदूच्याच पेशींचा, जन्मापासून चुकीच्या जागी असलेला तो पुंजका. अकाली पाळी रोखण्यासाठी सहसा त्याला हातही लावत नाहीत. हॅमार्टोमा असो वा नसो, वयात येणं थोपवणारं, महिन्याला किंवा तीन महिन्यांनी द्यायचं इंजेक्शन तेच. ऑप्टिक नर्व्हवरची गाठ, वाढत जाणारी पुटी, डोक्यात साठलेलं पाणी या गोष्टी वेगळ्या. त्या वेळेवर कळल्याने मुलीची नजर वाचू शकते. त्यांच्या खुणा बऱ्याचदा आधीच दिसत असतात, फक्त कुणी विचारलेलं नसतं. सकाळी उठल्याबरोबर डोकेदुखी आणि उलटी, नव्याने आलेला तिरळेपणा, खूप तहान आणि सारखी लघवी, अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग. आणि एक खूण अशी, जी सांगायला आईला संकोच वाटतो: मुलगी काही कारण नसताना एकाएकी हसत सुटते, डोळ्यांत हसू नसतं आणि काही सेकंदांत थांबते. शाळेत त्याबद्दल तिला शिक्षाही झालेली असते. तो फिटचा प्रकार असू शकतो आणि त्याचा हॅमार्टोमाशी थेट संबंध आहे. यातलं एक जरी असलं, तरी वय कितीही असो, एमआरआय लांबवायचा नाही.

आता सहा वर्षांच्या त्या रेषेबद्दल. ही रेषा सुरुवात झाली त्या वयाची आहे, डॉक्टरकडे आलात त्या वयाची नाही. केसपेपरवर ‘वय 7’ लिहिलं जातं आणि त्यावरच निर्णय होतो. आई म्हणते, “दोन महिन्यांपूर्वी लक्षात आलं.” कोपऱ्यात बसलेली आजी गप्प असते. नातीला रोज अंघोळ घालणारी तीच. तिला वेगळं विचारलं तर ती हळूच सांगते, “गेल्याच्या गेल्या दिवाळीत उटणं लावताना हाताला लागलं होतं, पण म्हटलं, बाळसं असेल.” म्हणजे मुलगी तेव्हा साडेपाचची होती. या एका वाक्याने ती तीन टक्क्यांच्या गटातून पंचवीस टक्क्यांच्या गटात जाते. ओपीडीत गर्दी कितीही असो, हा प्रश्न विचारायला एक मिनिट पुरतं.

दुसरा प्रश्न वडिलांकडच्यांना. आईला पाळी कितव्या वर्षी आली, हे प्रत्येक जण विचारतो. पण 2013 मध्ये एमकेआरएन3 या जनुकातले बदल अकाली वयात येण्यामागे असल्याचं सिद्ध झालं आणि या जनुकाची फक्त वडिलांकडून आलेली प्रतच काम करते. म्हणून वडिलांना स्वतः शाळेत इतरांपेक्षा लवकर मिसरूड फुटलं होतं का, आत्यांचं काय, हेही विचारायला हवं. ही जनुकीय तपासणी स्वस्त आणि सहज झाली, तर काही मुलींचा एमआरआय पुढे टळू शकेल.

बरेचदा तर एमआरआयचा प्रश्न यायच्या आधीच थांबता येतं. दीड-दोन वर्षांच्या बाळाला आलेली छाती बहुधा आपोआप ओसरते. नुसते काखेत केस आणि घामाला वास, ही बहुतेक वेळा ॲड्रिनल ग्रंथीची गोष्ट. वजन जास्त असलेल्या मुलीत कधी ती नुसती चरबी असते. बोटांनी नीट तपासलं की कळतं. त्यामुळे आधी उंचीचा तक्ता, डाव्या मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, रक्तातलं एलएच, आणि गरज पडली तर इंजेक्शन देऊन केलेली एलएचची चाचणी. मेंदूकडूनच सुरुवात झाली आहे आणि ती पुढे सरकते आहे, हे ठरल्यावर एमआरआयचं बोलायचं. छाती दिसली त्याच संध्याकाळी एमआरआय, हा क्रम मला मान्य नाही.

त्याला कारण आहे. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ही चांगली बाजू. पण अर्धा-पाऊण तास निश्चल पडायचं असतं. कानातले, हेअरपिना, पैंजण काढून घेतले जातात, डोक्याभोवती पिंजरा लावतात आणि ठोकल्यासारखा आवाज सुरू होतो. लहानग्यांना भूल द्यावी लागते. सात वर्षांची मुलगी नीट समजावलं तर भुलीशिवाय करू शकते. आवाज आधी मोबाइलवर ऐकवावा, आईने आत पायाशी उभं राहावं. गॅडोलिनियमचं इंजेक्शनही दरवेळी लागतंच असं नाही. त्याचे अंश मेंदूत राहतात हे 2014 नंतर स्पष्ट झालं आणि 2017 मध्ये युरोपने त्यातल्या काही प्रकारांवर बंदी आणली. ते का देताय, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

आणि मग रिपोर्ट. ‘पिट्यूटरी बल्की’ एवढे दोन शब्द वाचून किती घरांची झोप उडाली आहे! लहान मुलांत ही ग्रंथी साधारण सहा मिलिमीटरपर्यंत उंच असते. वयात येताना ती फुगते, वरची कड उंचावते, मुलींत ती दहा मिलिमीटरपर्यंतही जाते. मुलगी वयात येऊ लागली आहे म्हणूनच तर आपण फोटो काढला. मग ग्रंथी वयात आलेल्या मुलीसारखी दिसली, यात आजार कुठला? रेडिऑलॉजिस्टला पाठवलेल्या चिठ्ठीवर ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून हे होतं. पिनियल ग्रंथीतली बारीकशी पुटी किंवा ॲरॅक्नॉइड पुटी यांचंही तेच. निरोगी मुलांतही सापडणाऱ्या या गोष्टी एकदा कागदावर आल्या की दर सहा महिन्यांनी नवा एमआरआय सुरू होतो.

कोविडच्या काळात अकाली वयात येणाऱ्या मुली वाढल्याचं इटलीतून आणि पुण्यातल्या जहांगीर हॉस्पिटलमधूनही नोंदवलं गेलं. ओपीडीतल्या रांगा वाढल्या की सरसकट एमआरआय लिहून मोकळं होण्याचा मोह वाढतो, हे मी रोज बघते.

दुसऱ्या टोकाची चूक मला जास्त छळते. चार वर्षांची मुलगी, छाती स्पष्ट, उंची वर्गात सगळ्यांत जास्त. घरात ठरलेलं असतं की हे पिशवीच्या दुधाने झालं, बॉयलर कोंबडीने झालं. दूध बंद, चिकन बंद, आणि सहा महिने वाट. कुणी डॉक्टरही म्हणतात, “थांबू, बघू.” या वयात थांबायचं नसतं. अशा चौघींपैकी एकीच्या मेंदूत काही ना काही निघू शकतं.

माझ्या सहकाऱ्यांना विनंती: एमआरआयच्या चिठ्ठीवर सुरुवात झाल्याचं वय, स्तनांच्या वाढीचा टप्पा आणि एलएचचा आकडा लिहा. पालकांनो, सुरुवात सहा वर्षांनंतर झाली असेल, वाढ हळू असेल आणि वर सांगितलेली कोणतीही खूण नसेल, तर डॉक्टरांना सरळ विचारा, या फोटोने उपचारात काय बदलणार आहे? समाधानकारक उत्तर मिळालं तर जरूर काढा. नाहीतर तीन महिन्यांनी उंची आणि छाती पुन्हा तपासून घ्या. सुरुवात सहाच्या आत झाली असेल, तर मात्र याच आठवड्यात बाल-अंतःस्रावतज्ज्ञांना दाखवा आणि मेंदूकडूनच सुरुवात झाल्याचं ठरलं की लगेच एमआरआयची तारीख घ्या.