कडक म्हणजे स्पोर्टी नव्हे

"स्पोर्टी गाडी आहे, थोडी कडक असणारच." हे वाक्य शोरूममधला सेल्समन म्हणतो, यूट्यूबवरचा रिव्ह्यूअर म्हणतो, आणि दहा-बारा लाखांचं कर्ज डोक्यावर घेतलेला मालकही सहा महिन्यांत तेच म्हणायला लागतो. मागच्या सीटवर बसलेली आई मात्र काही म्हणत नाही. खड्डा आला की ती पुढच्या सीटची पाठ घट्ट धरते, आणि पुढच्या वेळी म्हणते, "तुम्ही व्हा पुढे, मी एसटीने येते." ज्या गाडीपेक्षा लालपरी बरी वाटते, त्या गाडीच्या सस्पेन्शनचं कौतुक ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

वेगवान हॅचबॅक मलाही आवडते. छोटी गाडी, ताकदीचं इंजिन, हाताशी बोलणारं स्टिअरिंग, याच्यासारखी मजा नाही. २०१५ साली आपल्या रांजणगावातून १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो बाहेर पडली, तेव्हा तिच्याकडे बघून हरखलेल्यांपैकी मीही होतो. भांडण वेगाशी नाही. भांडण आहे ते दणके आणि गोंगाट यांना वेगाची किंमत समजण्याच्या सवयीशी. ती किंमत बहुतेक वेळा फुकट मोजलेली असते. बदल्यात काहीच मिळत नाही.

मुळात स्प्रिंग आणि शॉकअप कशासाठी असतात? आरामासाठी, असं सगळ्यांना वाटतं. त्यांचं तितकंच मोठं काम आहे चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं. गाडी वळते, थांबते, पळते ती चार तळहातांएवढ्या रबराच्या जोरावर. फार कडक गाडी खड्ड्याच्या कडेवरून गेली की चाक उडतं, आणि जितका वेळ ते हवेत किंवा अर्धवट टेकलेलं असतं तितका वेळ त्या कोपऱ्यात ना ब्रेक असतो, ना पकड. भर वळणात असं झालं की गाडी दोन-चार इंच बाजूला सरकते. ड्रायव्हर त्याला 'थ्रिल' म्हणतो. ती पकड सुटलेली असते.

गुळगुळीत ट्रॅकवर कडक गाडी वेगवान असते, हे शंभर टक्के खरं. तिथे चाक उडायचा प्रश्न नसतो, गाडी कमी झुकते, स्टिअरिंगला झटकन उत्तर देते. पण कोइंबतूरचा करी ट्रॅक पुण्याहून हजार किलोमीटरच्या पुढे आहे. तुम्ही रोज जाता ते हिंजवडीला.

ज्यांना खराब रस्त्यावर वेगात जायचे पैसे मिळतात ते काय करतात, ते बघा. जागतिक रॅली स्पर्धेत डांबरी रस्त्याच्या फेरीसाठी गाडीला १८ इंची चाकं लावतात. तीच टीम, तीच गाडी, तोच ड्रायव्हर खडी-मातीच्या फेरीला जातो तेव्हा चाक होतं १५ इंची. रिम लहान, टायरची भिंत उंच, आणि सस्पेन्शनला खाली-वर व्हायला भरपूर जागा. त्यांना कंबरेची काळजी आहे म्हणून नव्हे, घड्याळाची आहे म्हणून. आणखी जुनं उदाहरण हवं असेल तर मिनी कूपर एस. १९६४, १९६५ आणि १९६७ अशी तीन वेळा मॉंटे कार्लो रॅली जिंकलेली ही चिमुकली गाडी १० इंची चाकांवर धावायची. आज तेवढ्या चाकाची गाडी घेऊन सोसायटीत आलात तर वॉचमनसुद्धा हसेल.

आता पावसाळ्यानंतरचा आपला कुठलाही रस्ता डोळ्यांसमोर आणा. तो डांबरी फेरीच्या जवळचा आहे की खडीच्या?

आणि तरीही दसऱ्याला आपण ॲक्सेसरीच्या दुकानात जातो आणि १७ इंची मॅगव्हील बसवून येतो. इथे थोडं गणित करू, कारण सगळी फसवणूक या गणितात लपलेली आहे. टायरवर १९५/५५ आर १६ असं छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, त्या रुंदीच्या किती टक्के टायरची भिंत उंच आहे. शेवटचा, रिम किती इंची. म्हणजे या टायरची भिंत झाली १०७ मिलिमीटर. अबार्थवर हाच साइज होता, आणि आपल्याकडच्या स्पोर्टी हॅचबॅकमध्ये तो अजूनही दिसतो. त्याजागी २०५/४५ आर १७ बसवला की भिंत उरते ९२ मिलिमीटर. दीड सेंटिमीटर रबर आणि हवा गेली, त्याजागी धातू आला. रिम मोठं झाल्यावर बहुधा जडही होतं, आणि चाक जितकं जड तितकं ते उडाल्यावर परत जमिनीवर आणायला शॉकअपला जास्त झगडावं लागतं. पुढच्या खड्ड्यात रिम वाकलं किंवा टायरला फुगा आला की दुकानदार म्हणतो, "साहेब, रस्तेच खराब आहेत." रस्ते काय दसऱ्याला चांगले होते?

उलट दिशेने जा. १८५/६५ आर १५ या टायरची भिंत १२० मिलिमीटर येते, आणि टायरची एकूण उंची, मोजून बघा, १९५/५५ आर १६ च्या जवळजवळ तंतोतंत. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, ग्राउंड क्लिअरन्स बदलत नाही, आणि खड्डा व तुमच्यामध्ये सव्वा सेंटिमीटर जास्त हवा येते. स्टिअरिंग किंचित सुस्तावतं, हे कबूल. पण हे करायच्या आधी तीन गोष्टी बघायलाच हव्यात: १५ इंची रिम तुमच्या ब्रेकच्या कॅलिपरवर बसतं का, टायरचा लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी तर नाही ना, आणि कंपनी त्याच गाडीच्या खालच्या व्हेरियंटला कुठला साइज देते. खालच्या व्हेरियंटला १५ इंची चाक असेल तर त्याच साइजने जाणं सगळ्यात सुरक्षित. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मनमानी बदलांना आडवं येतं, आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी काय काय शोधून काढते हे वेगळं सांगायला नको.

पण थांबा. रिमवर पैसे घालायच्या आधी फुकटातलं काम करा. पंपावरचा मुलगा विचारतो "किती?", आपण म्हणतो "पस्तीस." का पस्तीस? मित्राने सांगितलं म्हणून. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीजवळ एक स्टिकर असतो, त्यावर आकडे छापलेले असतात, दोघांसाठी वेगळे आणि गाडी भरलेली असेल तर वेगळे. हे आकडे थंड टायरचे. टायर हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे. चार-पाच पीएसआय जास्त भरले की लाखभर रुपयांचं सस्पेन्शन बसवूनही कळणार नाही इतकी ती कडक होते. (आणि नायट्रोजनचे पैसे देणाऱ्यांनो, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो.) टायरचं वयही बघा. बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर टणक होतं आणि मग तेच दणके देतं, तेच घुमतं.

सगळ्यात जास्त चीड मला येते ती लोअरिंग स्प्रिंगची. गाडी दीड इंच खाली आली, फोटो झकास. पण चाकाला वर जायला जी जागा होती तीच तुम्ही खाल्ली. आता प्रत्येक मोठ्या दणक्याला सस्पेन्शन शेवटच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन आपटणार, आणि मूळ उंचीसाठी बनवलेला शॉकअप त्या कडक स्प्रिंगला आवरू शकणार नाही. गाडी खाली करून ती बिघडवलेली असते, आणि त्याचे पैसे आपणच दिलेले असतात.

पन्नास-साठ हजार किलोमीटर झालेली गाडी असेल तर 'ही आधीपासून कडकच होती' हे वाक्य जपून वापरा. बहुतेक वेळा ती तेव्हा कडक नव्हती, आता थकली आहे. लोअर आर्मचे बुश फाटलेले असतात, लिंक रॉड खडखडतात, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग बसलेलं असतं, शॉकअप गळत असतो. ही सगळी रबरं आणि सांधे नवे घातले तर गाडी वयाने पाच वर्षं लहान होते. फक्त एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा: बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीवर, गाडी तिच्या नेहमीच्या उंचीला, मग आवळा. नाहीतर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या अवस्थेत काम करतं, कडक लागतं आणि लवकर फाटतं. हे ऐकून जो मेकॅनिक हसेल, त्याच्याकडून गाडी उचला.

आता गोंगाट. साधारण चाळीस-पन्नासच्या वर वेग गेला की शांतपणे चालवलेल्या गाडीत इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त असतो. हॅचबॅकमध्ये डिकी आणि केबिन यांच्यात भिंत नसते, म्हणून मागच्या चाकांचा सगळा घूंऽऽ थेट कानात येतो. यावर उपाय म्हणून लोक चारही दारांना ब्यूटाइलची चंदेरी शीट डकवून येतात. हजारो रुपये, रील, आधी आणि नंतर. ही शीट पत्र्याची थरथर थांबवते. बाहेरून येणारा आवाज अडवणं तिचं काम नाही. पत्र्याच्या मधल्या भागावर थोडी शीट पुरते, पूर्ण दार मढवायची गरज नसते. आवाज अडवायला जड थर लागतो, आणि तो लागतो मागच्या चाकांच्या कमानींवर, डिकीच्या तळाशी, स्टेपनीच्या खड्ड्यात. त्याआधी एक शांत टायर घ्या. चारी टायर बदलायची वेळ आली असेल तर नक्षी आणि रंग न बघता हेच बघा. आणि गंमत बघा, ज्या गाडीत डँपिंगवर तीस हजार घातलेले असतात तिच्याच मागे पुष्कळदा फटफटणारा आफ्टरमार्केट एक्झॉस्ट असतो.

"हे सगळं ठीक, पण कंबर घट्ट असेल तर काय बिघडतं?" बिघडतं. बसलेल्या माणसाला वर-खाली होणारा कंप सगळ्यात जास्त टोचतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणारा. सिमेंटच्या रस्त्याचे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी शंभरने जा. सेकंदाला सहा सांधे. तुम्ही नेमके त्या पट्ट्यात आहात. मऊ टायर आणि नीट शॉकअप यातलं बरंचसं गिळून टाकतात. न गिळलेलं तुमच्या मणक्यात जातं.

आणि हो, रस्ते. त्यांच्यावर राग हवाच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे ताशी २५ने गाडी त्यावरून सहज जाते. आपल्याकडे गल्लीत जो असतो तो हातभर रुंदीचा डांबराचा ढिगारा. पण तो कुणी घातला? पुष्कळदा रहिवाशांनी, भांडून, नगरसेवकाच्या मागे लागून. कारण रात्री साडेअकराला कुणीतरी फटाके फोडणारी हॅचबॅक घेऊन तिथून जायचा. या ढिगाऱ्यावर आपल्या गाडीचं पोट घासतं म्हणून महापालिकेला शिव्या देणाऱ्यांत तोही असतो.

नवी गाडी घ्यायची असेल तर टेस्ट ड्राइव्हचा रस्ता सेल्समनला ठरवू देऊ नका. तो तुम्हाला नव्या डांबराच्या सरळ पट्ट्यावर नेतो, दोनदा ॲक्सिलरेटर दाबायला सांगतो आणि परत आणतो. त्याला म्हणा, मित्र चालवेल, मी मागे बसतो. जमलं तर आईला सोबत न्या. मग तुमच्या रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट तुकडा निवडा, ताशी तीसच्या वेगाने, काचा बंद, म्युझिक बंद. आधी टायरची हवा मात्र तपासून घ्या, डेमो गाडीत ती स्टिकरप्रमाणे असेलच असं नाही.