गर्डर, लाट आणि काकूंची उशी



देवासच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवताना मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलं, की अभिक्रियेतला एक पदार्थ संपला की अभिक्रिया संपली. परवा धारला माहेरच्या वाड्यात हे वाक्य काही कामाला आलं नाही.

मधल्या खोलीच्या छताचा लोखंडी गर्डर गंजलाय आणि त्याखालीच काकूंचा पलंग आहे. दादाने मोजमाप करून ठेवलं होतं. भिंतीजवळ कोरड्या भागात जाडी 10 मिलिमीटर, मध्यभागी गंज खरवडल्यावर 7. मिस्त्री म्हणाला होता, 5च्या खाली जाऊ देऊ नका.

"गर्डर 60 वर्षांचा. म्हणजे 60 वर्षांत 3 मिलिमीटर," दादा म्हणाला. "अजून 2 जायला 40 वर्षं लागतील. आणि आपली लाट बघ की! हजार वर्षं झाली, गंजली का?"

लाट म्हणजे धारचा लोहस्तंभ. परंपरा तो भोजराजाचा मानते. तीन तुकडे मिळून साधारण 13 मीटर लांब, वजन 7 टनांच्या आसपास. 1405 साली दिलावर खानाने बांधलेल्या मशिदीला त्याच्यावरूनच लाट मशीद म्हणतात. संध्याकाळी मी मुद्दाम जाऊन तो पाहून आले. गंज त्यालाही आहे, पण चिकटून बसलेला. जुन्या भट्टीच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असतो, त्यामुळे गंजाचा थर घट्ट बसतो आणि तोच पुढे हवा-पाणी अडवतो. थर जाड होईल तसा वेग कमी. अशा हिशेबात थर दुप्पट व्हायला चौपट काळ लागतो, दहापट व्हायला शंभरपट. म्हणून लाटेची अभिक्रिया 'संपत' नाही, रेंगाळते.

आमच्या गर्डरचा गंज मात्र पापुद्रे धरतो. पापुद्रा पडला की खालचं लोखंड पुन्हा उघडं, आणि वेग होता तितकाच.

दुसरी चूक भागाकारात होती. वरचं न्हाणीघर बांधलं 12 वर्षांपूर्वी, ओल तेव्हापासूनची. आधीची 48 वर्षं गर्डर कोरडा होता, ती धरायचीच कशाला? 3 भागिले 12, म्हणजे वर्षाला पाव मिलिमीटर. उरलेल्या 2 मिलिमीटरला 8 वर्षं! तीही गळती वाढली नाही तर. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे आजूबाजूचा चुना त्याआधीच सुटायला लागतो.

दादा गप्प बसला. मग म्हणाला, "पण पापुद्रे पडतात हे कशावरून? जमिनीवर तर काही दिसत नाही."

काकू पोहे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रोज सकाळी उशीवरची लाल माती मीच झटकते ना. तुम्ही उठायच्या आधी."

त्याच दुपारी दोघांनी पलंग उचलून समोरच्या खोलीत नेला. मिस्त्री सोमवारी येतोय, आणि न्हाणीघराचा नळ तूर्त बंद आहे.