प्रिंट हातात आली, फाइल कुठे राहिली? प्रिंटरच्या ‘रांगे’ला मुदत हवीच

रामदासपेठ म्हणजे नागपूरची दवाखान्यांची पेठ. हॉस्पिटल, पॅथॉलॉजी लॅब, मेडिकल स्टोअर आणि त्यांच्या मधेमधे झेरॉक्सची दुकानं. चंद्रपूर, गडचिरोलीहून किंवा पलीकडे छिंदवाडा, बालाघाटहून पेशंटला घेऊन आलेला नातेवाईक आधार, रेशनकार्ड, विम्याचा कागद मोबाइलवरून दुकानदाराला पाठवतो. दोन-चार पानं निघतात. पैसे देऊन तो धावतच हॉस्पिटलचं काउंटर गाठतो.

कागद त्याच्यासोबत जातो. फाइल मात्र बऱ्याचदा मागेच राहते.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल दुकानदाराकडे राहते, हे आता अनेकांना कळतं. पण तीच फाइल आणखी एका ठिकाणी राहू शकते आणि तिकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. ते ठिकाण म्हणजे प्रिंटरची रांग, अर्थात प्रिंट क्यू.

रांगेत नेमकं काय साठतं?

प्रिंटर हा कॉम्प्युटरच्या मानाने संथ. म्हणून प्रिंटचं बटण दाबल्यावर कॉम्प्युटर आधी त्या कागदाची एक प्रत डिस्कवर ठेवतो आणि मग ती सवडीने प्रिंटरकडे पाठवतो. यालाच स्पूलिंग म्हणतात. विंडोजमध्ये प्रत्येक कामामागे सहसा दोन फाइल बनतात. एकीत छापायचा मजकूर, दुसरीत कामाची माहिती. प्रिंट पूर्ण झाली की दोन्ही पुसल्या जातात. ही झाली नेहमीची पद्धत.

पण प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ नावाचा एक चौकोन असतो. त्यात टिक केलेली असेल, तर छापून झालेला प्रत्येक कागद रांगेतच राहतो. किती वेळ? कुणी हाताने काढेपर्यंत. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला तरी तो तिथेच असतो. ‘एका तासाने पुसून टाक’ असं सांगायची सोय या चौकोनात नाही. ठेवा किंवा ठेवू नका, एवढेच दोन पर्याय.

लिनक्स आणि मॅकवर छपाईचं काम ‘कप्स’ नावाची यंत्रणा पाहते. तिथे जास्त विचार केलेला दिसतो. ‘प्रिझर्व्ह जॉब फाइल्स’ ही सेटिंग मूळ मजकूर किती काळ ठेवायचा ते ठरवते आणि ‘प्रिझर्व्ह जॉब हिस्टरी’ ही फक्त कामाची नोंद किती काळ ठेवायची ते. दोन्हींत ‘हो’, ‘नाही’ किंवा थेट सेकंदांचा आकडा देता येतो. मजकुरासाठी मूळ आकडा आहे ८६,४०० सेकंद, म्हणजे बरोबर एक दिवस. तेवढ्या वेळात, कॉम्प्युटरवर तसा अधिकार असलेल्या माणसाला तोच कागद पुन्हा छापता येतो.

ठेवणाऱ्याचीही बाजू आहे

दुकानदार किंवा लॅबवाला हे मुद्दाम कुणाचं नुकसान करायला करतो, असं नाही. शेवटच्या पानाला कागद अडकतो. डॉक्टर आणखी एक कॉपी मागतात. गिऱ्हाईक म्हणतं, दहा नाही, आठच पानं निघाली. ऑफिसात महिन्याच्या शेवटी टोनरचा हिशेब लागतो. अशा वेळी रांगेतलं जुनं काम कामी येतं.

पण या गरजा नीट पाहिल्या तर त्या दोन प्रकारच्या आहेत. हिशेबासाठी किती पानं, कधी आणि कोणत्या प्रिंटरवर, एवढी नोंद पुरते. त्यासाठी कुणाचा रक्ताचा रिपोर्ट साठवायची गरज नाही. पुन्हा छापण्यासाठी मजकूर लागतो हे खरं, पण तो काही मिनिटं, फार तर तासभर. गिऱ्हाईक दुकानातून गेलं की ती गरज संपली. इन्व्हॉइसची कॉपी ठेवणं वेगळं आणि गिऱ्हाइकाची पिशवीच ठेवून घेणं वेगळं.

हॉस्पिटलचा मुद्दा थोडा निराळा. भरती झालेल्या पेशंटचं रेकॉर्ड डॉक्टरांनी ३ वर्षं जपावं, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. पण ते रेकॉर्ड रेकॉर्ड रूममध्ये किंवा हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये जपायचं असतं. रिसेप्शनच्या प्रिंटरची रांग ही रेकॉर्ड रूम नव्हे.

१२ लाख डॉलरचा धडा

ही भीती कागदोपत्री नाही. अमेरिकेत २०१० मध्ये सीबीएस न्यूजने काही वापरलेली फोटोकॉपी मशीन विकत घेतली आणि त्यांच्या हार्ड डिस्क तपासल्या. त्यातलं एक मशीन अफिनिटी हेल्थ प्लॅन या आरोग्य विमा कंपनीने भाड्याने वापरून परत केलेलं होतं. डिस्कवर लोकांची वैद्यकीय माहिती तशीच होती. कंपनीच्या अंदाजानुसार ३ लाख ४४ हजारांहून जास्त लोकांना याचा फटका बसला असण्याची शक्यता होती. २०१३ मध्ये कंपनीला १२ लाख १५ हजार ७८० डॉलर भरून प्रकरण मिटवावं लागलं.

तिथे कुणी हॅकिंग केलं नव्हतं. मशीन परत करताना डिस्क पुसायची राहिली होती, इतकंच. मोठ्या मल्टिफंक्शन प्रिंटरमध्येही अशी डिस्क असू शकते. म्हणून भाड्याचं मशीन परत देताना किंवा जुना कॉम्प्युटर विकताना नुसतं डिलीट करून भागत नाही, डिस्क पूर्ण पुसावी लागते.

कायदा काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. कायद्याचं तत्त्व साधं आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं आणि दुसऱ्या कोणत्या कायद्याने ती ठेवणं बंधनकारक नसेल, तर ती पुसायची. प्रिंटच्या बाबतीत काम संपतं ते कागद हातात पडतो तेव्हा.

त्यामुळे हा भार गिऱ्हाइकावर टाकणं बरोबर नाही. पेशंट आयसीयूत असताना नातेवाइकाने काउंटरपलीकडच्या कॉम्प्युटरची सेटिंग तपासावी, ही अपेक्षाच चुकीची. मुदत ठरवायची ती कॉम्प्युटर ज्याचा आहे त्याने. आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही विंडोजच्या त्या चौकोनाशेजारी वेळेचा एक रकाना द्यायला हवा. कप्समध्ये जमतं, तर तिथे का नाही?

दुकानदार, लॅब, ऑफिसने काय करावं?

• विंडोजमध्ये प्रत्येक प्रिंटरची ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ची टिक काढा. आधीपासून रांगेत पडलेली कामं हाताने काढून टाका.

• पानांचा हिशेब हवा असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधला ‘प्रिंट सर्व्हिस’चा ऑपरेशनल लॉग सुरू करा. तो मुळात बंद असतो. त्यात पानांची संख्या मिळते, मजकूर साठत नाही.

• लिनक्स, मॅकवर मजकुराची मुदत ३,६०० सेकंद, म्हणजे एक तास करा किंवा ‘नाही’ ठेवा. नोंद हवी तर हिस्टरी चालू राहू द्या.

• दुकान बंद करताना डाउनलोड फोल्डर, व्हॉट्सअ‍ॅप चॅट आणि रिसायकल बिन रिकामे करा. रांग साफ आणि डाउनलोड भरलेलं, तर उपयोग शून्य.

आणि गिऱ्हाइकाने?

• जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात फक्त शेवटचे ४ अंक दिसतात.

• पैसे देताना एक वाक्य बोला: “भाऊ, फाइल डिलीट करून द्या.” व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल लगेच ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करा. कॉम्प्युटरवर आधीच डाउनलोड झालेली प्रत मात्र त्याने जात नाही, ती दुकानदारालाच काढावी लागते.

यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत. दुकानाच्या काचेवर ‘कलर प्रिंट, लॅमिनेशन’ असं लिहिलेलं असतंच. त्याखाली ‘प्रिंटनंतर फाइल ठेवत नाही’ ही ओळ आली आणि ती पाळली गेली, तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी त्याच दुकानात येईल.